माल्टा-गोझो: खडकांमधली, गर्दी नसलेली पोहायची जागा सुचवा

सई_कोथरूड
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माल्टाला जातोय. मी, नवरा, तेरा वर्षांची लेक आणि सासूबाई. मुक्काम स्लिमाला, त्यातला एक दिवस शेजारच्या गोझो बेटाचा. वाळू, छत्र्या आणि ढणढणणारे स्पीकर नकोत. गोझोच्या उत्तर किनाऱ्यावरच्या वीद इल-आस्रीचे फोटो पाहिले: दोन उभ्या कड्यांमधून समुद्राची चिंचोळी पट्टी आत शिरलीये आणि टोकाला गोट्यांचा एवढुसा किनारा. कोणी गेलंय का? बजेट त्या दिवसाचं, चौघांचं सगळं मिळून १०० युरो. गाडी चालवायची नाही. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात.

भटका_जीव
सरळ गाडी घ्या. माल्टात आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, काही त्रास नाही. आम्ही छोटी गाडी घेतली होती, फेरीबोटीवर चढवली, अख्खं बेट पालथं घातलं. बसची वाट बघणाऱ्यांकडे बघून वाईट वाटायचं.

सई_कोथरूड
गाडी नको म्हटलंय हो वर. 🙏

दर्याचा_राजा
गाडीबिडी सोडा, खाजगी बोट करा. समुद्रातून गुहा दिसतात त्या रस्त्याने दिसत नाहीत. बजेट थोडं वाढेल, पण परदेशात रोज रोज कोण जातं? मधल्या कोमिनो बेटाचं ब्लू लगूनही त्यातच होऊन जाईल.

चिंगी
ब्लू लगून म्हणजे गर्दीचं माहेरघर! ताईंनी शांत जागा विचारलीये. आमच्या टूरवाल्याने (नाव घेत नाही) 'निवांत खाडी' म्हणून तिथेच नेऊन सोडलं. टॉवेल टाकायला जागा नव्हती. वर जेवण 'समाविष्ट' म्हणजे एक केळं आणि पाण्याची बाटली.

अण्णा_डोंबिवली
गोझोला जाताय तर अझ्युअर विंडो अजिबात चुकवू नका. समुद्रातली प्रचंड दगडी कमान आहे.

चिंगी
अण्णा, ती ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली.

अण्णा_डोंबिवली
आमच्या वेळी होती.

मालटेकर
इथे नोकरीला आहे, गोझोला वरचेवर जाणं होतं. वीद इल-आस्री सुंदर आहे, पण तिथे जायचं की नाही हे आदल्या रात्री ठरवायचं. तोंड उत्तरेकडे आहे. वारा उत्तरेचा किंवा वायव्येचा असला की लाटा त्या चिंचोळ्या पट्टीत कोंडतात आणि आतलं पाणी कड्यांवर आपटत राहतं. बाहेरून समुद्र बरा वाटला तरी उतरू नका, जीवरक्षक नाही. वारा दक्षिणेचा असेल तर आत तळ्यासारखं पाणी.

खाली जायला कड्यात खोदलेल्या शंभरेक पायऱ्या. खाली ना टपरी, ना स्वच्छतागृह. कडे उंच, त्यामुळे ऊन मोजकं, दुपारच्या आसपासच काय ते. पाणी मात्र ऑक्टोबरात छान असतं, मे महिन्यापेक्षा कितीतरी ऊबदार.

भटका_जीव
हेच म्हणत होतो, गाडी असेल तर वारा बघून जागा बदलता येते.

पाण्यातली_मांजर
पाण्यात घालायचे बूट न्याच. गोटे गुळगुळीत, त्यावर शेवाळ, आणि कडेच्या खडकांवर काळे काटेवाले सी अर्चिन बसलेले असतात. हॉटेलच्या स्लिपरवर गेलेल्या माझ्या दिराच्या टाचेतले काटे तिथल्या आजीबाईंनी चिमट्याने काढले. वर अख्ख्या कुटुंबाला कॉफी पाजली. बूट डेकॅथलॉनमध्ये मिळतात, पुण्यातूनच घेऊन जा.

दर्याचा_राजा
बोटीतून थेट उडी मारली की बूटही लागत नाहीत.

विशाखा_नर्स
जेलीफिशचं कोणीच लिहिलं नाही. जांभळट-गुलाबी, छोटी, त्या समुद्रात नेहमीची. चावली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी नको, चोळायचं नाही, आणि व्हिनेगर तर या जातीला मुळीच नको.

अण्णा_डोंबिवली
आमच्याकडे लिंबू चोळतात. लगेच आराम.

विशाखा_नर्स
अण्णा, चोळायचं *नाही*.

मिठागरवाला
तिथून जवळच श्वेय्नीची मिठागरं आहेत, खडकात चौकोनी वाफे कोरलेले. उन्हाळ्यात मीठ काढतात, रस्त्याकडेला पिशव्या विकायला असतात. आमचं गाव उरणकडचं, त्यामुळे मी पोहण्याऐवजी तिथेच रमलो. आपल्याकडे मातीचे बांध आणि चिखल, तिथे सगळा दगड. मीठही जरा भरड. उरणचं जास्त खारट, हे मी मिठावर हात ठेवून सांगतो.

चिंगी
दादा, मीठ ते मीठ.

मिठागरवाला
असं म्हणणाऱ्यांनीच मिठागरं बुजवून टॉवर बांधले.

मालटेकर
😅 मूळ प्रश्नाकडे. १०० युरोत आरामात बसतं. माल्टाच्या चिरकेव्वा बंदरातून गोझोच्या इमजार बंदराची फेरीबोट पंचवीस मिनिटांची, माणशी पाच युरोच्या आत, आणि पैसे परतीलाच घेतात. बसचं तिकीट दोन तास चालतं, तेवढ्यात बस बदलली तरी पुन्हा पैसे नाहीत. गोझोच्या राजधानीतून, व्हिक्टोरियाहून, ३१० नंबरची बस किनाऱ्यावरच्या मार्सालफॉर्नला जाते. तिथून किनाऱ्याने, मिठागरांवरून, वीद इल-आस्रीपर्यंत पाऊण तासाची चाल. सावली शून्य. खायला मटार भरलेली पस्तिझी, आपल्या पॅटिसची लांबची बहीण, एकदम स्वस्त.

सासूबाईंसाठी पायऱ्या टाळायच्या तर गोझोचीच होंडोकची खाडी बरी. खडक आहेत, पाण्यात उतरायला शिडी आहे, टपरी आहे. वायव्येच्या वाऱ्यात इमजार इश-शिनीची खाडी बघा (बंदराचं इमजार वेगळं), तोंड आग्नेयेला, आत अरुंद आणि संथ. किंवा द्वेय्राचं इनलँड सी: पाणी उथळ, आणि कड्यातल्या बोगद्यातून लहान होड्या समुद्रात नेऊन आणतात.

पाण्यातली_मांजर
होंडोकला +१. बूट विसरू नका.

भटका_जीव
होंडोकला पार्किंगही आहे.

नवखा_प्रवासी
फेरीचं तिकीट जाताना काढायचं की येताना?

चिंगी
येताना. वर लिहिलंय.

सई_कोथरूड
सगळ्यांचे आभार, विशेषतः मालटेकर आणि विशाखाताई. काल रात्री जेवताना सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं: होंडोक बिंडोक नको, वीद इल-आस्रीच. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याचं, लहानपणी विहिरीत सूर मारायच्या म्हणे. "माझ्या गुडघ्यांची चर्चा परक्या लोकांत कशाला केलीस?" हेही ऐकून घेतलं. पायऱ्या त्या बसून बसून उतरणार, पण उतरणार. मार्सालफॉर्नपर्यंत बस आणि पुढे फक्त त्यांना टॅक्सी, हा माझा प्रस्ताव होता. तोही फेटाळला, मिठागरं बघत चालायचंय. आता पोहता न येणारा एकटा नवराच आहे, तो काठावर बसून पस्तिझी सांभाळेल. वाऱ्याची दिशा मात्र आदल्या रात्री बघणार. उत्तरेचा असेल तर इमजार इश-शिनी, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

विशाखा_नर्स
आजींना गुडघ्याला पट्टा बांधून न्या. उतरण्यापेक्षा चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं.

मिठागरवाला
आजींना माझा नमस्कार. मीठ घेतलं तर कसं वाटलं ते कळवा.

पुष्कर_ठाणे
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण गाडी घेतलेली बरी.