कायकॅड: ट्रॅक ओढताना अडखळतं, मदत हवी आहे

घरच्या जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू आहे, रॅम ८ जीबी, ग्राफिक्स चिप मुख्य प्रोसेसरमधलीच. कायकॅड ८ (सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर) मध्ये स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटची आकृती, झकास चालतं. पीसीबी एडिटरमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष बोर्ड आखताना, मात्र ट्रॅक (तांब्याची जोडरेघ) ओढला की कर्सर पुढे आणि रेघ मागून फरफटत येते. बोर्ड साधा दोन थरांचा. ग्राउंडचा झोन (तांब्याने भरायचा मोठा भाग) भरला की जास्तच.

अँटीएलियासिंग (रेघांच्या कडा गुळगुळीत दाखवणं) बंद केलं, फरक नाही. फॉलबॅक ग्राफिक्स (ग्राफिक्स चिप न वापरता चित्र काढायचा पर्याय) लावलं तर झूम रडतं. वेलँड सोडून एक्स११ (दोन्ही उबुंटूच्या पडद्यावर चित्र दाखवायच्या पद्धती) मधून लॉगिन केल्यावर कर्सरच्या उड्या थांबल्या (तेवढंच सुख), वेग तोच. झोनच्या फक्त कडा दाखवल्या की सुसह्य होतं, पण मग तांबं कुठे तुटलंय ते दिसत नाही.

केस अरुंद आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड बसणार नाही. ओपनजीएल (कायकॅड ज्यातून चित्र काढतं ती ग्राफिक्स यंत्रणा) खरंच ग्राफिक्स चिपवर चालतंय की सगळा भार प्रोसेसरच उचलतोय, हे नक्की कुठे तपासायचं?