टोपरी नक्की विणा, पण आधी विचारून

ताई, 'विणकाम येतं, पण घरात आता लहान मूल नाही, विणलेलं देऊ कुठे?' असं तुम्ही विचारलंत. जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या नवजात बाळांच्या कक्षात आधी सिस्टरना भेटा. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना टोपऱ्याची फार गरज असते. अंगाच्या मानाने डोकं मोठं, त्यामुळे ऊब तिथूनच भराभर निघून जाते. आईच्या छातीशी उघडं बाळ धरायची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाला सुरू झाली. त्यातही बाळाच्या डोक्यावर टोपरं असतंच.

लोकर मऊ, बाळांची घ्या. टोचणारी नको. बटण, रिबीन, गोंडा काही लावू नका. दोन सुलट, दोन उलट अशी वीण घातली की टोपरं ताणतं आणि बसतंही. मी प्रत्येक टोपरं मोठ्या मोसंबीवर चढवून बघते. इतकंसं डोकं असतं हो! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातल्या सुया थांबल्या होत्या.

देताना सौम्य साबणाने धुऊन, कडक उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत बांधून द्या. आणि पायमोजे हवेत का, तेही विचारा. ते बहुतेकदा कमीच पडतात.