माळ्यावरच्या खोक्यांना क्यूआर

'क्यूआर कोड फक्त पैसे द्यायलाच कामाचा' असं या चर्चेत कुणी म्हटलंय, म्हणून लिहितोय. नाशिकला पंचवटीतल्या आमच्या घरी माळ्यावरच्या प्रत्येक खोक्यावर मी कोड चिकटवलाय. स्कॅन केलं की यादी दिसते: गौरीचे मुखवटे, समया, जुने स्वेटर. मजकूर कोडमध्येच भरलाय, त्यामुळे नेट लागत नाही. यादी बदलली की मात्र नवा कोड छापा! (आईने शेजारी खडूनेही लिहून ठेवलंय, ते वेगळं.)

धूळ, डाग यांची काळजी असेल तर कोड बनवताना त्रुटीदुरुस्तीची 'एच' पातळी निवडा. सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत हा कोड निघाला तो गाड्यांच्या सुट्या भागांसाठी, म्हणजे कारखान्यातला तेलकटपणा गृहीतच होता. कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन तेवढे झाकू नका.