स्पॅनिश सबजंक्टिव्ह: तक्ते पाठ, बोलताना मात्र गायब

प्रश्न
बी१ (मध्यम) पातळीच्या विद्यार्थ्यांना वर्तमान सबजंक्टिव्हचे (इच्छा, शंका किंवा अजून न घडलेली गोष्ट सांगताना येणाऱ्या क्रियापदरूपाचे) तक्ते तोंडपाठ आहेत. गाळलेल्या जागा बरोबर भरतात, पण बोलायला लागले की 'किएरो के बेन्गास' (तू यावंस अशी माझी इच्छा आहे) याऐवजी साध्या रूपाचं 'किएरो के बिएनेस' म्हणतात. सराव वाढवावा की पद्धतच बदलावी?

उत्तर १
पद्धत बदला. 'एस्पेरो के येगे मान्याना' (तो उद्या पोचेल अशी आशा आहे) ऐकताना आशा 'एस्पेरो'तूनच कळते, मग 'येगे'मधला शेवटचा 'ए' कान सोडून देतो. दुसरी भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक बिल व्हॅनपॅटन यांची मांडणी हीच आहे: अर्थ शब्दातून मिळाला की शिकणारा प्रत्ययाकडे बघत नाही. त्यात हा प्रत्यय वाक्याच्या मधोमध, आणि मधलं सगळ्यात उशिरा टिपलं जातं.

म्हणून मुख्य क्रियापद झाका. नुसतं '…के येगा' (साधं रूप) किंवा '…के येगे' (सबजंक्टिव्ह) ऐकवा आणि विचारा: आधी 'से' (मला माहीत आहे) होतं की 'दूदो' (मला शंका आहे)? आता प्रत्यय ऐकल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. सुरुवातीला फक्त तृतीयपुरुषी एकवचन घ्या, वीसेक वाक्यं उलटसुलट क्रमाने. हे जमेपर्यंत बोलायला लावू नका.

उत्तर २
मराठीचाही आधार घ्या. 'त्याने यावं अशी माझी इच्छा आहे' म्हणजे 'किएरो के बेन्गा'. 'मला यायचंय' म्हणजे 'किएरो बेनिर'. कर्ता बदलला की क्रियापदाचं रूप बदलतं, हे आपल्या कानाला सवयीचंच आहे.

घोटाळा होतो तो पुढे. 'तो येईल असं वाटत नाही' यातला भविष्यकाळ तसाच उचलून 'नो क्रेओ के बेंद्रा' म्हणतात, हवं 'बेन्गा'. 'तो आला की सांग' यात मराठी रूप भूतकाळाचं, म्हणून 'क्वांदो येगो' तोंडात येतं. येणं अजून व्हायचंय, तेव्हा 'क्वांदो येगे'. या दोन चुका 'किएरो के'च्या सरावाने जात नाहीत, त्या वेगळ्याच घ्याव्या लागतात.

प्रश्नकर्ता
काही जण 'क्रेओ के बेन्गा'ही म्हणतात. ते कशामुळे?

उत्तर १
'मत आलं की सबजंक्टिव्ह' असा सोपा नियम सांगितल्यामुळे. होकारी 'क्रेओ के' म्हणजे विधानच, तिथे 'बिएने'. नकार आला की 'बेन्गा'. जोडी एकत्रच शिकवा.

'बुस्को उना कासा के तिएने बाल्कोन' म्हणजे बाल्कनी असलेलं ठरावीक घर आणि 'के तेन्गा' म्हणजे बाल्कनी असेल असं कुठलंही. हा भेद मात्र सगळ्यात शेवटी ठेवा. इथे इशारा देणारं क्रियापदच नसतं, दोन्हीकडे 'बुस्को' (मी शोधतोय).