पुराच्या रात्री शेजाऱ्यांचे निरोप बंद करायचे का?

सत्तरीकर
आमच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा नवा नियम आला. पुराबद्दल फक्त सरकारी निरोप टाकायचे, बाकी कोणी काही लिहिलं तर अ‍ॅडमिन पुसणार. कारण दिलंय अफवांचं. मला हा नियम मुळीच पटलेला नाही.

२३ जुलै २०२१ आठवा. आमचं घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात, म्हादई नदीपासून दोन शेतं वर. रात्रभर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, पण आषाढातल्या पावसाला कोण दचकतं? पहाटे साडेचारला नदीकाठच्या काकांचा निरोप आला, बोललेला. "पाणी गोठ्याच्या दुसऱ्या पायरीला लागलंय. अर्ध्या तासामागं पहिलीला होतं. गुरं सोडा." एवढंच. ती पायरी आम्ही जन्मापासून बघतोय, तिचा अर्थ वाड्यातल्या पोरालाही कळतो. दावी सोडत बसायला वेळ नव्हता, कोयत्यानं कापली. आईला पाठुंगळी घेतलं आणि शाळेकडे निघालो. उजाडल्यावर पाहिलं तर मागची मातीची भिंत बसली होती आणि छपराचे नळे सगळे अंगणात, गाळात.

सरकारी निरोप आला तेव्हा नऊ वाजून गेले होते. त्यात तालुक्याचं नाव होतं. अख्ख्या तालुक्याचं!

यात मी कुणाला दोष देत नाही. अग्निशामक दलाची मुलं त्या दिवशी दोरखंड घेऊन छातीभर पाण्यात उतरलेली मी पाहिली आहेत. पण म्हादई उगवते खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात. तिथे कोसळलेला पाऊस आम्हाला दिसत नाही. खालून समुद्राची भरती थेट गांजे गावापर्यंत चढते, आणि दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा होती, म्हणजे उधाण. वरून लोंढा आणि खाली समुद्र पाणी घ्यायला तयार नाही. अशा वेळी कुठल्या वाड्यात कुठल्या पायरीपर्यंत पाणी आलंय हे पणजीत बसून कोण सांगणार? ते काठावरचा माणूसच सांगणार. त्याचंच तोंड बंद करायचं?

साळची सून
दादा, तुमच्या काकांना हात जोडून नमस्कार. पण मी त्या नियमाच्या बाजूने आहे.

आमचं साळ गाव तिळारी नदीच्या पाण्यावर. धरण तिकडे दोडामार्गात, महाराष्ट्रात. विसर्ग वाढला की आम्ही, पलीकडे इब्रामपूर, हणखणे, चांदेल, खाली थेट कोलवाळपर्यंत सगळे जागे. २०१९ला आणि २०२१ला पाणी घरात आलं होतं, त्यामुळे भीती अंगात मुरलेली आहे. अशाच एका रात्री निरोप फिरला, "तिळारी फुटलं, पळा." धरणाला काहीही झालं नव्हतं. पण ते कळायच्या आत वीज गेलेली, पाऊस चालू, आणि आम्ही रस्त्यावर. सासूबाई गटारात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्या काठीशिवाय परत कधी चालल्या नाहीत. त्या वर्षी चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधताना त्या खुर्चीवर बसून होत्या, मला म्हणाल्या, "मी नुसती बघते." तुळस दारात होती, तिथवरसुद्धा त्यांना जाता येत नव्हतं.

तो निरोप पाठवणाऱ्यांनी मायेनेच पाठवला असेल. मायेने हाड जुळत नाही.

निवृत्त, जलस्रोत
ताईंनी सांगितलं ते मी नोकरीत असताना दुसऱ्या अंगाने पाहिलंय. धरणाचा विसर्ग कधी क्युसेकमध्ये लिहितात, कधी क्युमेकमध्ये. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, १००० लिटर. पस्तीस पटींचा फरक! कागदावर क्युमेक असतं, पुढे पाठवताना कुणीतरी क्युसेक लिहितो, आणि लोक निवांत झोपतात. उलट झालं की पळापळ. आकडा खरा, पण सोबतचा शब्द चुकीचा.

म्हणून माझं मत ताईंकडे झुकतं. धरणाचा आकडा शेजाऱ्याने पाठवूच नये. पाठवायचाच तर मूळ पत्रकाचा फोटो जसाच्या तसा पाठवावा, आपल्या शब्दांत नको.

सत्तरीकर
धरणाबद्दल मान्य. पण ताई, तुमच्या सासूबाईंना पाडणारा निरोप आणि आमच्या काकांचा निरोप एकाच दावणीला बांधू नका. काकांनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, जागा सांगितली, मागची वेळ सांगितली, आणि आवाज त्यांचा होता. "तिळारी फुटलं" म्हणणाऱ्याने तिळारी पाहिलं होतं का?

साळची सून
नव्हतं पाहिलं. पण त्या रात्री ग्रुपवर दीडशेच्या वर निरोप होते. निम्मे "सगळे सुखरूप ना?" आणि हात जोडलेले. कुणीतरी कोल्हापूरच्या पुराचा व्हिडिओ टाकलेला. चौघांनी एकच निरोप पुन्हा पुन्हा पाठवलेला. त्या ढिगात तुमच्या काकांचा निरोप असता तरी अंधारात, ओल्या हातांनी, मी तो शोधून काढला असता का? तुम्ही म्हणता पायरी सांगणारा माणूस हवा. मी म्हणते बाकीचे गप्प बसल्याशिवाय तो ऐकूच येत नाही. आणि आपल्याकडे गप्प बसायला सांगितलं की लोकांना राग येतो. मग नियमच लागतो.

काणकोणकर
मोबाइलवरच सगळं चाललंय म्हणून लिहितो. २ ऑक्टोबर २००९, गांधी जयंतीचा दिवस. डोंगर सुटले आणि काही तासांत तळपण, गालजीबाग दोन्ही नद्या घरांत. असले ग्रुप तेव्हा नव्हतेच. आम्हाला वाचवलं ते वरच्या वाड्यातल्या बायकांच्या आरडाओरड्याने. आज तोच पूर आला तर वीज जाईल, पाठोपाठ टॉवर जाईल, मग सरकारी निरोपही नाही आणि काकांचाही नाही. देवळाची घंटा, इगर्जीची म्हणजे चर्चची घंटा कोण वाजवणार हे आधी ठरवा.

खांडेपारची मास्तरीण
मी दोन्हीकडे. २०२१ला कोविड चालू होता. आमच्या भागातली काही माणसं शाळेच्या वर्गात मुक्कामाला होती, मास्क भिजलेले, दोन बाकांवर एक घर. एका आजोबांचं इन्सुलिन पाण्यात गेलं. शाळेत कुठेच रेंज नव्हती. पण सातवीतल्या एका मुलाला रेंजची जागा ठाऊक होती, ऑनलाइन तासांसाठी रोज डोंगरावर चढायचा ना. तो भर पावसात वर गेला, ग्रुपवर औषधाचं नाव आणि शाळेचं नाव टाकून आला. तीन तासांत उसगावहून एकजण मोटरसायकलवर कुपी घेऊन आला, डब्यात, बर्फात. नियम असता तर अ‍ॅडमिनने हा निरोप पुसला असता का, याचं उत्तर मला हवं आहे.

पण त्याच ग्रुपवर लोक आपल्या बुडालेल्या, रिकाम्या घरांचे फोटो टाकत होते, कुलूप दिसतंय, वाटही दिसतेय. पाणी ओसरल्यावर एका घरातली तांब्याची भांडी गेली. म्हणून माझी विनंती आहे, घर रिकामं असल्याचं जगाला सांगू नका.

सत्तरीकर
मास्तरीणबाई, तुमच्या त्या मुलाचं मला कौतुक वाटतं.

अ‍ॅडमिनशी काल बोललो. पुसण्याचा नियम काढायला तो तयार नाही, आणि मीही मागे हटत नाही. पण वेगळा ग्रुप काढायला त्याची हरकत नाही. नदीकाठची पाचच घरं त्यात लिहिणार, बाकी आम्ही फक्त वाचणार. लिहिताना जागा, वेळ आणि पाणी कुठे आहे एवढंच. रविवारी काकांच्या गोठ्याच्या पायऱ्यांवर ऑइलपेंटने आकडे घातले, खालून १ ते ७. काका म्हणाले, चौथ्या आकड्याला मी फोन करायचा थांबणार, तोवर तुम्ही शाळेत असायला हवं.

काणकोणकर बाब, देवळाच्या घंटेसाठी पुजाऱ्यांना विचारलंय. अजून उत्तर नाही.

साळची सून
पाच घरांनीच लिहायचं, तर तुम्ही माझंच म्हणणं मान्य केलंत, दादा. ज्याने पाहिलं नाही त्याने गप्प बसायचं. नियमाच्या बाजूने मी अजूनही आहे.

आमच्याकडे पायऱ्या नाहीत. नदीच्या घाटापाशी सिमेंटचा एक खांब आहे, तो २०२१ला पूर्ण बुडाला होता. धरणाचं पाणी पायरी पायरीने येत नाही, एकदम येतं. आकडे घालायचे तर कुठून सुरू करायचे? आणि रात्री त्यावर बॅटरी मारायला जाणार कोण? घरातले पुरुष ओल्ड गोव्याला आणि मडगावला कामाला असतात. घाटाजवळच्या तीन घरांत दोन म्हाताऱ्या आहेत आणि मी.