एआयने दिलेला एचएस कोड थेट वापरावा का?

शिरोलीची लेक:
शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. बिडाची मॅनहोल झाकणं जर्मनीला जातात, कागदपत्रं मी बघते. परवा एआयला फोटो दिला, त्याने एचएस कोड (कस्टम्ससाठी मालाचा वर्ग सांगणारा क्रमांक) ७३२६ सांगितला, मी तोच इनव्हॉइसवर टाकला. लगेच खरेदीदाराचा मेल: सीबॅमसाठी (युरोपीय संघाचा आयात मालावरचा कार्बन आकार) कार्बन उत्सर्जनाचे आकडे पाठवा. आजवर कधी मागितले नव्हते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काय चुकलं?

जुना सीएचए (कस्टम्स एजंट):
ताई, घाबरू नका. बीड ओतून केलेल्या झाकणाचं शीर्षक ७३२५. ७३२६ म्हणजे लोखंड-पोलादाच्या इतर वस्तू. नुसत्या फोटोवरून ओतीव की घडीव हे ठरवू नये; साच्याच्या सांध्याची बारीक रेघ तुम्ही रोज हाताने घासता, ती त्याला कुठून दिसणार? १ जानेवारी २०२६ पासून सीबॅमचा खरा भार सुरू झाला, तेव्हा यादीत ७३२६ होतं, ७३२५ नव्हतं. इनव्हॉइस आजच सुधारा. शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सकडे द्यायचा फॉर्म) भरलं असेल तर कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्तीचा अर्ज करा.

गोकुळ शिरगाव:
तरी भट्टीच्या विजेची नोंद हीटनुसार (धातू वितळवण्याच्या प्रत्येक फेरीनुसार) आत्तापासून ठेवा. यादी वाढवायचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्येच मांडलाय, आणि एआय जुन्या यादीवरूनही बोलू शकतं. वर्षाला ५० टनांपर्यंतच्या आयातदाराला सूट आहे, तेही खरेदीदाराला विचारा.

शिरोलीची लेक:
बिल भरायचं राहिलं होतं, वाचले! काका, मनापासून आभार. मीटरचं रजिस्टर आजच घातलं.