टाइल्स, मार्बल आणि लॅमिनेट एकाच घरात, पुसायचं कसं?

नवंघर
नमस्कार मंडळी, महिन्याभरापूर्वी नवीन घरात आलोय आणि फरशीने अक्षरशः रडवलंय. हॉलमध्ये पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स, बेडरूमला लॅमिनेट आणि पॅसेजमध्ये मार्बल. रोज पुसते, बादलीत तीन-तीन झाकणं लिक्विड टाकते तरी वाळल्यावर टाइल्सवर पांढरे पट्टे दिसतात, खिडकीतून ऊन आलं की बघवत नाही, आणि अनवाणी चाललं की पायाला चिकचिक लागते. चिकटपणा जावा म्हणून परवा पाण्यात व्हिनेगर घातलं तर मार्बलवर दोन ठिकाणी फिकट ठिपके पडलेत, कितीही घासले तरी जात नाहीयेत. लॅमिनेटला तर हात लावायचीच भीती वाटते. तिन्हींचं वेगवेगळं करायचं का? आणि मॉप कुठला घेऊ?

कोरडा_फडका
ताई, व्हिनेगर आधी बंद करा. मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्याच्यावर आंबट काहीही पडलं, व्हिनेगर असो की लिंबू, की ते वरचा थर खातं आणि तेवढ्या जागेची चमक जाते. तुम्ही ज्याला ठिपका म्हणताय तो वर बसलेला डाग नाहीये, दगडच तिथे झिजलाय, म्हणून घासून जाणार नाही, उलट घासून वाढेल. मार्बलला साधं पाणी किंवा न्यूट्रल, म्हणजे पीएच ७ च्या आसपासचं क्लीनर, बस. टाइल्सच्या सांध्यांत भरलेलं ग्राउटपण बहुतेक सिमेंटचंच असतं, त्यालाही ॲसिड सोसत नाही.

आणि कळकळीने सांगतो, ब्लीच आणि व्हिनेगर कधीच एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचमध्ये अमोनियावालं क्लीनरही नको. एका बादलीत एकच काय ते.

सोनचाफा
पट्ट्यांचं कारण तुझ्या तीन झाकणांत आहे गं. जास्त लिक्विड टाकलं की फरशी जास्त स्वच्छ होत नाही, जे पुसून निघत नाही ते वाळून तिथेच बसतं, त्याचीच चिकचिक, आणि त्याच्यावर धूळ चिकटते म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मळकट. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही त्यामुळे सगळं वरच राहतं. करून बघ: चार टाइल्स नुसत्या कोमट पाण्याने दोनदा पूस, दर वेळी फडका नीट धुऊन पिळून, मग कोरड्या कापडाने टिपून घे. तेवढ्याच लख्ख झाल्या तर लिक्विडचाच थर समज. तसं झालं नाही तर पाणी जड आहे, क्षार राहतायत, मग पुसल्यावर लगेच कोरडं कापड फिरवायचं.

मी दोन बादल्या ठेवते. एकीत पुसायचं पाणी, दुसरीत फक्त फडका खळबळायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा दोन खोल्यांनंतर दुसऱ्या बादलीत तळाला केस आणि बारीक वाळू बसलेली दिसली, एका बादलीत हे सगळं मी परत फरशीवरच फिरवत होते इतकी वर्षं!! आणि पुसायच्या आधी केर नीट काढ, ओल्या फडक्याखाली वाळूचा कण आला की मार्बलवर चरे उठतात.

खिडकीपाशी
लॅमिनेटबद्दल मी बोलते, कारण माझं एकदा वाया गेलंय. त्याच्या पोटात लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड असतो, सांध्यातून पाणी आत गेलं की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. दिसायला फारसं काही नव्हतं, पण हात फिरवला की प्रत्येक जोडाची कड बोटाला लागायची. म्हणून बादली खोलीत नेऊच नका, मॉप बाहेरूनच इतका पिळून आणा की पुसलेली ओल एक-दोन मिनिटांत वाळली पाहिजे. स्टीम मॉप अजिबात नको.

मॉपचं म्हणाल तर मायक्रोफायबरचा चपटा घ्या, पॅड काढून धुता येतो. धुताना सॉफ्टनर नको, धागे गुळगुळीत होऊन धूळ धरेनासे होतात.

कोरडा_फडका
चपटा लॅमिनेटला ठीक, पण टाइल्सच्या मोठ्या हॉलला मला तरी फिरकीवाला बादली-मॉपच बरा वाटतो, पिळायला कंबर वाकवावी लागत नाही. फक्त कोपऱ्यात हाताने फडका मारा, गोल मॉप तिथे पोचत नाही. आणि आतून दाराकडे पुसत या, नाहीतर आपलेच पाय उमटतात.

नवंघर
केलं! चार टाइल्स खरंच वेगळ्या दिसतायत, बाकीचा हॉल शेजारी पिवळट वाटतोय 😀 म्हणजे थरच होता. उद्यापासून अर्धं झाकण आणि दोन बादल्या. लॅमिनेटला चपटा मॉप आणते. मार्बलच्या त्या ठिपक्यांचं मात्र काय करू?

कोरडा_फडका
घरी काही लावत बसू नका. दगडाला पॉलिश करणाऱ्यांना दाखवा, तेवढाच भाग घासून पुन्हा चमक आणता येते. तोवर रोजचं पुसणं साध्या पाण्याने चालू ठेवा.